माशांच्या अंगावरचा रवा

आमच्या घरात हळदीचा हंगाम आधी दिसतो तो ह्यांच्या शर्टाच्या कॉलरवर. पंचांगात काय चाललंय ते मला विचारू नका. पण सकाळी पांढरा गेलेला शर्ट संध्याकाळी कडेनं पिवळा होऊन आला, की समजायचं, पेठेत नव्या हळदीची पोती उघडली. आमचे हे अडत दुकानात असतात. सौदे सुरू झाले की दिवसभर हळकुंडं मोडून बघायची, हुंगायची, पुन्हा पोत्यात टाकायची. सांगलीत ज्यांचं पोट हळदीवर आहे, त्यांची दोरीवरची धुणी बघितली तरी बाजार कसा चाललाय ते कळतं. यंदा कॉलर जरा लवकर पिवळी झाली. मी शर्ट बादलीत भिजवला, हात पुसले आणि सरळ हॉलमधल्या काचेच्या टाकीसमोर जाऊन उकिडवी बसले.

ही आता सवयच झाली आहे. हळद आली की मी मासे तपासते. आधी शेपट्या, मग कल्ले, मग पोटाखालची बाजू. चष्मा कपाळावर सरकवायचा आणि काचेला नाक लावायचं. टाकीतली सगळ्यात मोठी सोनेरी मासोळी, जिचं नाव सासूबाईंनी थोरली असं ठेवलंय, ती मला बघून लगेच पुढं येते. तिला वाटतं, खायला आणलं. तिचं तोंड सारखं उघडमीट चालू असतं आणि मी तिच्या अंगावर रवा शोधत असते.

रवा हा माझा शब्द. मासे विकणारे त्याला इक म्हणतात. माशाच्या अंगावर, परांवर, शेपटीवर बारीक पांढरे ठिपके उठतात, अगदी लाडू वळताना हाताला चिकटलेल्या रव्यासारखे. मग मासा खालच्या खड्यांना अंग घासायला लागतो. पर मिटून एका कोपऱ्यात उभा राहतो. खाणं सोडतो. आणि एका सकाळी आडवा होऊन वर आलेला असतो.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. लोकांची रक्तं, थुंक्या आणि आणखी काय काय भिंगाखाली बघण्यात माझा जन्म चाललाय, आणि खरं सांगते, मला त्याचा कधी कंटाळा आला नाही. माझ्या आईच्या भाषेत सांगायचं तर मला उकरून काढायची खोड आहे. दूध नासलं तर नासलं म्हणून गप्प बसणारी मी नव्हे. ते कशानं नासलं हे कळेपर्यंत मी पातेलं घासायला टाकत नाही. तेव्हा दर वर्षी त्याच दिवसांत, त्याच टाकीत, तोच रोग का येतो, हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरला तो जाईना. पण गेल्या वर्षी नुसती खोड नव्हती. त्या वर्षी मला भीती वाटत होती, आणि ती माशांसाठी नव्हती.

टाकी मुळात आमच्या लेकीची, तेजूची. तिनं हट्टानं आणवली आणि दोन वर्षांत शिकायला साताऱ्याला निघून गेली. मागं राहिले मासे आणि आत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. टाकी घरात आली तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाठ केली होती. "जीव कोंडून ठेवायचा आन वर बघत बसायचं, ह्यो कसला ख्योळ?" असं एकदा म्हणाल्या. आम्ही जैन माणसं. आत्या सूर्य मावळल्यावर तोंडात पाणी घालत नाहीत. जमिनीखालचं काही खात नाहीत. वाळलेली हळद चालते, ओलं हळकुंड मात्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येत नाही, मग घर हळदीवर चालत असलं तरी. अशा बाईला घरात मासे ठेवणं कसं पटणार? तेजू गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "नदीत सोडून येऊ या." मी सांगितलं, हे मासे नदीत जगायचे नाहीत, दोन दिवसांत कुणाच्या तरी पोटात जातील. त्यावर त्या पहिल्यांदा टाकीजवळ गेल्या. "मग ऱ्हाऊ देत. आणलंय तर नीट संबाळाय पायजे."

आणि त्यांनी सांभाळलं. सकाळी बस्तीतून, म्हणजे आमच्या जैन मंदिरातून, दर्शन करून आल्या की पहिलं बोलणं माशांशी. आज थंडी लय हाय, आज दूधवाला उशिरा आला, तेजूचा फोन आला नाही. थोरली काचेशी येऊन ऐकायची. मला आधी गंमत वाटायची. मग लक्षात आलं की मामंजी गेल्यापासून आत्या घरात एवढं कुणाशीच बोलल्या नव्हत्या.

पण सांभाळायचं म्हटलं की जबाबदारी आली, आणि आत्यांची जबाबदारी म्हणजे उपास. मासा मेला की त्यांचा उपास. पहिल्यांदा मला वाटलं एक दिवसाचं असेल. तर तो एक दिवस नुसत्या पाण्यावर, आणि पुढं कितीतरी दिवस एकवेळचं जेवण. "माझ्या निगराणीत ग्येला न्हवं त्यो?" एवढंच उत्तर. त्यांना साखरेचा आजार आहे. सकाळची गोळी पोटात गेलेली आणि वर अन्न नाही, म्हणजे काय होतं ते मला दुसऱ्यानं सांगायला नको.

झालंही तसंच. त्या हंगामात काळा मासा गेला, आणि उपासाच्या दुपारी आत्या गॅलरीत कपडे काढता काढता खाली बसल्या. अंग घामानं भिजलेलं, हात थरथरणारे, नजर भलतीकडेच. मी बोट टोचून साखर बघितली, ती फार उतरली होती. साखरेचं पाणी केलं. तर ही बाई दात घट्ट मिटून मान हलवते. "उपास हाय." मी त्यांच्यावर कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. "तुम्हाला काही झालं तर त्याचा उपास कुणी करायचा, आत्या?" तेव्हा कुठं दोन घोट घेतले. संध्याकाळी अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणाल्या, "थोरलीच्या अंगावर बी दिसाय लागलंय बघ." मी उठून बघितलं. शेपटीवर रवा होता.

त्या घडीला मी ठरवलं की आता ह्याच्या मुळाशी जायचं. थोरली गेली तर आत्या किती दिवस जेवणार नाहीत, ह्याचा हिशेब मला करायचा नव्हता.

आजारपण घरात आलं की कारणं सांगायला सगळे पुढं. तेजूनं साताऱ्याहून फोनवर सांगितलं, "मम्मी, गूगल कर." मासेवाल्यानं पाण्यावर खापर फोडलं. शेजारच्या काकूंनी नजर काढायला सांगितलं, तेही माशांची. माझा स्वतःचा संशय मात्र हळदीवर होता, आणि मला तो फार शास्त्रीय वाटत होता. हळद आली की रोग येतो, हळद सरली की जातो. हवेत इतकी हळद असते त्या दिवसांत, वखारीकडून वारा आला की ओठ सुद्धा कडवट लागतात. ती ह्यांच्या कपड्यांतून घरात येणार, पाण्यात पडणार, माशांच्या कल्ल्यांत बसणार. मी ह्यांना जिन्यातच शर्ट उतरवायला लावला. पन्नाशीचा माणूस, बनियनवर, हातात शर्टाचं गाठोडं घेऊन दारात उभा. वरच्या मजल्यावरचे लोक जाता-येता विचारायचे, काय शेठ, भांडण का?

"हळदीनं कुणाचं वाईट झाल्यालं ऐकलंयस का कधी?" हे म्हणायचे.

"ऐकलं नाही म्हणून तर तपासतेय."

ठिपके वाढतच गेले. हळद निर्दोष सुटली. ह्यांनी दुसऱ्या दिवशी मुद्दाम सोफ्यावर बसून शर्ट काढला.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. थोरलीला ओल्या हातात धरून तिच्या अंगावरचा चिकटा काचेच्या पट्टीवर हळूच पुसून घेतला, टाकीतलं पाणी एका बाटलीत घेतलं आणि गाडीवरून लॅबमध्ये नेलं. दुपारची वेळ, पेशंट नव्हते. भिंग जुळवलं आणि मी खुर्चीतच पुढं सरकले.

ते फिरत होतं. एक गोल, करड्या रंगाचं, केसाळ कडेचं, सावकाश स्वतःभोवती फिरणारं काहीतरी, आणि त्याच्या पोटात घोड्याच्या नालेसारखी एक फिकट खूण. इतकं शांत, इतकं बिनघोर फिरणं. मला त्याचा राग यायला हवा होता. त्याच्यापायी घरात एक म्हातारी अन्नावाचून पडली होती. पण राग आला नाही. मी चहा थंड होईस्तोवर बघत बसले. ज्यांनी हे काम केलंय त्यांना कळेल. शत्रू असला तरी तो पहिल्यांदा समोर दिसला की आधी कुतूहलच वाटतं, बाकी सगळं नंतर.

मग वाचून काढलं. हा जीव माशाच्या कातडीखाली राहून वाढतो. पोट भरलं की माशाला सोडून खाली पडतो, कशाला तरी चिकटून अंगाभोवती कवच करतो, आणि त्या कवचातून शेकड्यांनी पिल्लं निघतात. पिल्लांना थोड्या दिवसांत मासा मिळाला तर ती जगतात, नाहीतर आपोआप संपतात. हळदीचे दिवस म्हणजे सांगलीत सकाळी स्वेटर आणि दुपारी पंखा. पाण्याचं असं गार-गरम झालं की मासे अशक्त होतात आणि ह्याचं फावतं. म्हणजे हंगामाचा संबंध होता. फक्त तो हळदीशी नव्हता.

उपाय म्हणून मासेवाल्याकडे निळं औषध होतं. आत्यांनी बाटली हातात घेऊन विचारलं, "ह्यानं काय व्हतंय?" त्यानं मोठ्या उत्साहानं सांगितलं, "किडं मरत्यात, आजी." बाटली तिथंच राहिली. मग मी मिठावर आले. मासे मोठ्या टबात काढले, पाणी थोडं कोमट ठेवलं, खडेमीठ घातलं. मिठानं काय होतं ते मी सांगितलं नाही आणि आत्यांनीही विचारलं नाही. इकडं टाकी रिकामी करून उकळत्या पाण्यानं धुतली, गच्चीवर उन्हात पालथी घातली, खडे नवे आणले. थोरलीचं अंग निवळलं. मासे टाकीत परत गेले, आत्या नीट जेवायला लागल्या, मी लॅबमध्ये सगळ्यांना शेखी मिरवून सांगितलं. आणि आठवड्याभरात थोरली पुन्हा खड्यांना अंग घासायला लागली.

मी हादरलेच. धुतलेली टाकी, बरे झालेले मासे, नवे खडे. नवा मासा आणलेला नाही. मग हे आलं कुठून? पुन्हा टब, पुन्हा मीठ, पुन्हा टाकी गच्चीवर. आमच्या कामात एक साधी रीत आहे. तोच जंत घेऊन तोच माणूस पुन्हा आला, तर औषध बदलण्याआधी त्याच्या घरी पाणी कोण भरतं, जेवण कोण करतं ते विचारायचं. मी घर तपासायला लागले. खाण्याचा डबा भिंगाखाली घातला, नळाचं पाणी घातलं, पाण्यात बुडवायची जाळी घातली. काही नाही. दिवसभर डोळे लावून बसणारी बाई मी, आणि टाकीशेजारच्या खिळ्यावर वाळत घातलेलं पांढरं फडकं, आत्यांचं धडपं, मला दिसत नव्हतं. दिसत होतं, पण आमच्या घरात ते देवघरातल्या घंटेइतकं जुनं; त्याच्याकडं कोण बघतंय?

त्या दिवशी लॅबमधली वीज गेली म्हणून मी दुपारीच घरी आले. टाकी धुऊन, भरून तयार होती; संध्याकाळी मासे सोडायचे होते. आत्या टाकीसमोर उभ्या होत्या. स्टुलावर स्टीलची कळशी. त्यांनी ओलं धडपं उलटं करून टाकीवर धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं तांब्यातून त्याच्यावर बारीक धार सोडत होत्या. चेहरा बस्तीत अभिषेक बघताना असतो तसा.

"काय करताय, आत्या?"

"जुन्या पाण्यातलं हाय. तू गटारात वतणार हुतीस, म्हणून आदीच गाळून ठेवलं हुतं कळशीत. बाहीर वतलं तर तडफडून मरतील की बिचारं." धडप्याचा कोपरा त्यांनी हळूच झटकला. "जिथला जीव तिथं."

आता ही रीत काय मला नवी आहे? मी जैनाचीच मुलगी. पाणी गाळून प्यायचं, कारण पाण्यात जीव असतात. पण गाळलं की काम संपत नाही. गाळण्यात जे जीव अडकले, त्याला जिवाणी म्हणतात, ते गाळलेल्याच पाण्यानं पुन्हा ज्या विहिरीतलं पाणी त्या विहिरीत सोडायचं. ह्या विहिरीचं त्या विहिरीतही नाही. माझी आजी गाळणं पोहऱ्याला लावून पार खाली सोडायची, वरून फेकलेल्या पाण्यानं जिवांना लागेल म्हणून. आता भिंतीवर पाण्याचं मशीन आलं, तरी आत्यांच्या नळाला फडकं बांधलेलं आहेच. टाकी ही त्यांच्या लेखी एक विहीर होती. मी दर वेळी टाकी धुवायला काढायची, त्या आधी पाणी गाळून ठेवायच्या. मी रोगाचा नायनाट करून आणायची, त्या त्याला हातानं परत त्याच्या घरी पोचवायच्या. जगात कितीतरी लोक मासे पाळत असतील. ही चूक बाकी आमच्याच घरात होऊ शकत होती.

मला आधी हसू फुटलं. कोडं सुटल्याचं हसू. आणि पाठोपाठ ते जिथल्या तिथं विरलं. कारण आता हे आत्यांना सांगायचं कसं? गेलेला प्रत्येक मासा त्यांच्या दयेनं गेला होता. नुसतं निगराणीत गेला म्हणून जी बाई चक्कर येईपर्यंत उपाशी राहते, तिला हे कळल्यावर ती काय करेल? न सांगावं, तर रोग कधीच जाणार नाही, थोरली जाणार, आणि उपास ठरलेलाच. गुपचूप धडपं उकळून ठेवावं असंही मनात आलं. पण माझ्या हातून ते होईना. माझ्यापासून असं कुणी काही लपवलं असतं तर मला लागलं असतं. संध्याकाळी मी म्हटलं, मासे अजून टबातच राहू देत. आत्या बरं म्हणाल्या.

लॅबच्या कपाटात आरशानं उजेड घेणारं जुनं भिंग पडून होतं. ते मागून घेतलं आणि रविवारी सकाळी खिडकीपाशी उन्हात लावलं. नव्या भरलेल्या टाकीतलं ते पाणी होतंच, शिवाय टबातल्या एका माशाच्या शेपटीवर अजून दोन ठिपके होते. तिथला चिकटा घेऊन पट्टी लावली आणि आत्यांना बोलावलं. त्यांना एक डोळा मिटता येईना. मी हातानं झाकून धरला.

त्या भिंगावर वाकून राहिल्या.

"दिसतंय का?"

"फिरतंय," त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, "परदक्षिणा घातल्यागत फिरतंय गं. ह्येच व्हय माशाच्या अंगावरचं?"

"व्हय."

"केवडंसं हाय. आन केवडी धडपड."

मी त्यांना सगळं सांगत गेले. ते माशाला सोडून खाली कसं पडतं, कवच कसं करतं, त्यातून पिल्लं कशी निघतात. धडप्याचं नाव मी घेतलं नाही. आत्या भिंगावरून डोळा न काढता ऐकत होत्या.

"ते कवच बसतंय कुटं?"

"खड्यांवर. काचेला. पानांवर."

"आन गाळण्यावर?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान वर केली होती.

"गाळण्यावर बी," मी म्हटलं.

त्या खुर्चीत मागं टेकल्या. खाली रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. "म्हंजे ह्याच हातानं परत सोडलं म्हणायचं," त्या म्हणाल्या आणि स्वतःच्या तळव्याकडं बघत राहिल्या. मी घाईघाईनं बोलायला लागले, तुम्हाला कुठं ठाऊक होतं, मलाही आत्ता कळलं, मीच टाकी दहादा धुतली. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"मिठानं काय व्हतंय ते मला ठावं न्हाई असं वाटलं व्हय तुला? गोगलगाईवर मीठ पडल्यालं बघितलंय मी. थोरलीपायी गप बसले हुते." मग म्हणाल्या, "आता गप बसायचं न्हाई. न मारता कसं व्हईल ते सांग."

मी विचार केला. मला असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. आमच्याकडं प्रश्न एवढाच असतो, कशानं मरेल. "मारायला नको," मी सावकाश म्हटलं. "नुसतं माशांपाशी परत न्यायचं नाही. जेवढं आयुष्य असेल तेवढं जगतील. नदीवर नेऊन सोडू या हवं तर."

"नदीत काय मासं न्हाईत व्हय?"

हेही खरंच होतं. शेवटी टाकीतलं सगळं पाणी पुन्हा गाळलं, जिवाणी कळशीत घेतली आणि कळशी गॅलरीत सावलीला ठेवली, वर फडकं बांधून. आत्या रोज सकाळी तिच्यात गाळलेलं पाणी घालायच्या. मी रोज लॅबला जाण्याआधी थेंबभर पाणी भिंगाखाली घ्यायची. ह्यांना काहीच कळेना. घरात रोगाची बडदास्त ठेवलेली त्यांनी कधी बघितली नव्हती.

पहिल्या दिवशी पिल्लं दिसली, बारीक, लांबट, इकडून तिकडं सुसाट धावणारी. मला ठाऊक होतं ती काय शोधतायत. मग कमी झाली. मग एखादंच, तेही रेंगाळणारं. त्यांच्या जागी दुसरेच जीव भरत चालले होते, हिरवे, चाकासारखं तोंड फिरवणारे, माशांच्या वाटेला न जाणारे. एवढ्याशा कळशीत एवढी वस्ती. मी आत्यांना रोज बातमी सांगायची आणि त्या मान डोलवायच्या. उपास धरते असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत. एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, "संपू दे समदं, मग बघू." त्यानं मला जास्तच धास्ती बसली. गेलेल्या माशांचे उपास करून झाले होते. पण ह्या शेकड्यांचा किती धरणार? साखर मोजायचं यंत्र मी उशाशी ठेवून झोपायची.

यंदा थोरली स्वच्छ आहे. मगाशी बघितलं, शेपटीवर नाही, कल्ल्यावर नाही. टाकी अजून धुतली जाते, जिवाणी अजून कळशीत जाते, गॅलरीत तिचे दिवस काढते आणि भिंगातून बघितल्यावरच टाकीत परत येते. तेजू ह्याला क्वारंटाइन म्हणते. शर्टाची बादली भरली, पाणी पिवळं झालं, आणि मला कळशी रिकामी झाली तो पहिला दिवस आठवला.

त्या सकाळी मी दोनदा, तीनदा थेंब घेऊन बघितले. नंतर स्वयंपाक करून ठेवला आणि मग आत्यांना सांगितलं, "माशांवरचं संपलं. बाकीचं आहे. हिरवं फिरतंय."

"त्ये सोडलं तर चालंल?"

"चालेल."

त्यांनी कळशी स्वतः उचलली. धडपं उलटं धरून टाकीत धार सोडली. अंगावरचे ठिपके गेले तसे मासे त्या आधीच आत सोडले होते. थोरली धारेखाली येऊन तोंड हलवत राहिली. सगळं झाल्यावर आत्यांनी धडपं पिळलं, झटकलं, खिळ्यावर घातलं आणि हात पुसत म्हणाल्या, "माझं ताट करू नगंस आज."

"किती दिवस?"

"बघू. किती हुतं ते, मोजलंय कुणी?"

"आत्या, कळशी बाजूला ठेवायची हे कुणी सांगितलं?"

"तू."

"आणि रोज सकाळी संपले का, संपले का म्हणून कोण बघत होतं?"

त्यांनी खिळ्यावरचं धडपं पुन्हा सरळ केलं.

"मग उपास माझा. तुमचा नव्हे. गोळी घेतलीय ना सकाळी? बसा."

"तुला झ्येपतोय व्हय उपास? पर्युषणात चा सुटत न्हाई तुला."

"बघू या की."

त्या उभ्याच होत्या. मी पाट मांडला, ताट वाढलं. भाकरी, मुगाची आमटी, दोडक्याची भाजी. शेवटी गुडघ्यावर हात देऊन त्या पाटावर बसल्या. भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, तोंडात घातला. मी समोर बसून त्यांचं चावणं बघत होते.

"भाजीत मीठ न्हाई गं," त्या म्हणाल्या.

"नसेल. सकाळपासून तोंडात काही घातलेलं नाही मी, चवीपुरतं सुद्धा."

आत्यांचा हात जरा थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग वाटीतलं चिमूटभर मीठ भाजीवर टाकलं आणि भाकरीचा दुसरा तुकडा मोडला.